पारंब्यांचे साकव : मेघालयातले जिवंत पूल आणि आमचा पऱ्या

पऱ्याकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज लिहायला बसले ती आमच्या साकवामुळे.

राजापूर तालुक्यात आमची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पल्याड आहे. माझ्या लहानपणी मिरगाच्या आधी वाडीतली माणसं दोन पोफळी आडव्या टाकून, वर बांबू बांधून साकव घालायची. दिवाळीनंतर पाणी उतरलं की तो मोडून जळणाला जायचा. पुढे लोखंडी साकव आला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पण बुडाशी गंज धरला, काठाची माती दर पावसात थोडीथोडी जात राहिली, आणि दोन वर्षांपूर्वी आषाढात तो एका रात्रीत कलंडला. अर्ज दिले, माणसं येऊन मोजमापं घेऊन गेली, अजून काही झालेलं नाही. वाडीतली मुलं पावसाळ्यात तीन किलोमीटरचा वळसा घालून शाळेत जातात.

हे मनात घेऊन डिसेंबरात मेघालयात गेले. सोहरा, म्हणजे आपलं शाळेतलं चेरापुंजी, तिथून तिर्ना गावी गाडी सोडायची आणि खाली नोंगरिआटला पायऱ्यांनी उतरायचं. तीन हजारांच्या वर पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना पोफळी, फणस, तमालपत्राची झाडं, पोफळींवर चढलेले पानवेल. क्षणभर वाटलं, आपल्याच आगरात आले. आणि मग खालच्या ओढ्यावर तो पूल दिसला. उमशियांगचा दुमजली पूल. एकाच झाडाच्या मुळांचे एकावर एक दोन साकव.

फोटोत तो एखाद्या परीकथेतला वाटतो. प्रत्यक्षात तो फार कामाचा, राबता पूल आहे. मुळं माझ्या मनगटाएवढी, काही मांडीएवढी. मधल्या फटींत सपाट दगड बसवलेत, त्यावर माती दाबून पायवाट केली आहे. कठडाही मुळांचाच. एक बाई कपाळाला पट्टा लावून पाठीवर सुपाऱ्यांची टोपली घेऊन माझ्या बाजूने निघून गेली, पायाखाली न बघता. मी मात्र कठडा घट्ट धरून उभी होते.

हे झाड म्हणजे रबराचं झाड. आपण जाड चकचकीत पानांसाठी कुंडीत लावतो तेच. वडाच्या कुळातलं, त्याला वडासारख्याच पारंब्या फुटतात. खासी लोक पुलाला जिंगकिएंग ज्री म्हणतात. जिंगकिएंग म्हणजे पूल, ज्री म्हणजे रबराचं झाड. रीत अशी की ओढ्याच्या काठी, पुराच्या रेषेच्या वर, शक्यतो मोठ्या धोंड्याच्या आधाराने झाड लावायचं. पारंब्या फुटल्या की कोवळ्या असतानाच त्यांना पलीकडची दिशा द्यायची. त्यासाठी बांबूचा सांगाडा उभारतात, किंवा पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढून, ती पन्हळ ओढ्यावर आडवी टाकतात आणि मूळ तिच्यातून पलीकडे नेतात. पोचलं की तिथल्या मातीत रोवायचं. पन्हळ कुजली की नवी टाकायची. बांबू मोडला की नवा बांधायचा. नवी मुळं जुन्यांत गुंफायची. निर्धास्त चालण्याजोगा पूल व्हायला १५ ते ३० वर्षं लागतात. पण एकदा झाला की शतकं टिकतो आणि दर वर्षी आदल्या वर्षापेक्षा जाड होतो.

आमचा वाटाड्या त्या गावचा जावई होता. खासींमध्ये कूळ आईकडून चालतं, आणि नवरा बहुधा बायकोच्या घरी राहायला येतो. पुढच्या एका लहान पुलापाशी थांबून त्याने लोंबणारी एक कोवळी पारंबी उचलली, दोन मुळांमधून ओवली, पीळ दिला आणि चालू लागला. बोलणं मध्ये थांबलंसुद्धा नाही. माझी आजी अंगणातून जाताजाता मोगऱ्याचा वेल मांडवावर अशीच सारून ठेवायची.

परत आल्यापासून एकच विचार डोक्यात आहे. पोफळ आपल्याकडे आहे, वड आहे, पाऊस आहे. आपल्या पऱ्यावर असा साकव होईल का? जाणकारांनी लिहावं.

कातळफूल

फार सुंदर लिहिलंय ताई. पोफळीच्या पन्हळीचं वाचून थांबले. आमच्या गुहागरकडे आगरात शिंपण्याचं पाणी पोफळीच्या पन्हळींतूनच फिरवायचे. तेच खोड, तशीच चिरलेली. आपण तिच्यातून पाणी नेलं, त्यांनी मूळ.

तुळईखांब

मी स्थापत्य अभियंता आहे, रस्ते-पुलांच्या कामात २६ वर्षं गेली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी हा पूल उभा कसा राहतो ते सांगतो, कारण मला त्याचं फार अप्रूप आहे.

आपण पूल बांधतो तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी तो सर्वांत मजबूत असतो. नंतर गंज, भेगा, झीज. म्हणून हिशेबात आधीच जादा ताकद धरून ठेवतो. मुळांच्या पुलाचं गणित उलटं चालतं. पारंबी हवेत लोंबते तोवर बारीक, लवचीक असते. पलीकडे मातीत रुजली की तिच्यातून पाणी आणि अन्न वाहू लागतं, ती ताणली जाते आणि जाड होऊ लागते. दोन मुळं एकमेकांवर दाबून ठेवली की काही काळाने साल विरून एकजीव होतात. अशा सांध्यांनी आख्खी जाळी तयार होते. एक मूळ कुजलं तरी भार शेजारची मुळं वाटून घेतात.

ताई, तुमचा साकव कलंडला तो बहुतेक काठ खचल्यामुळे. मी पाहिलेल्या बहुतेक लहान पुलांचं असंच झालं. वरचा सांगाडा धडधाकट आणि पायाखालची माती गेलेली. मुळांचा पूल आपला काठ स्वतःच धरून ठेवतो. ज्या मुळांवर माणसं चालतात, तीच मुळं काठाच्या मातीत खोल शिरून तिला बांधून ठेवतात. आम्हाला हे काम वेगळं करावं लागतं, दगडी पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, घालून, जाळ्या लावून, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या फर्डिनांड लुडविग, विल्फ्रिड मिडलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ७४ पुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. हजारो छायाचित्रांवरून संगणकावर पुलांचे नमुने तयार केले, कारण अशा पुलाचा नकाशा कोणाकडे नसतोच. तो अभ्यास वाचल्यावर मला जाणवलं की या पुलांचा हिशेब आपल्या तक्त्यांत बसत नाही. भार, गाळा (दोन आधारांमधलं अंतर), जाडी हे सगळं दर वर्षी बदलतं.

आता कोकणाबद्दल. मला शंका आहे. मुलांनी उद्या शाळेत जायचं आहे, २५ वर्षांनी नाही.

पऱ्याकाठची

तुळईखांब, पिचिंगचं वाचून डोळ्यांसमोर आमचाच पऱ्या आला. काठावर करंजाची दोन जुनी झाडं होती. साकवाचं सामान उतरवायला जागा हवी म्हणून ती तोडली होती. आम्हीच तोडू दिली.

उमियमकाठी

नोकरीनिमित्त शिलाँगला ११ वर्षं काढली, म्हणून थोडं लिहितो.

हे पूल मेघालयभर नाहीत. पठाराच्या दक्षिण कडेला, जिथून टेकड्या एकदम बांगलादेशाच्या सपाटीकडे उतरतात, त्या उतारांवर आहेत. त्या भागातल्या लोकांना वार म्हणतात. खासी आणि जयंतिया दोन्ही बाजूंचे वार. पाऊस सांगायचा तर सोहऱ्यात वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरच्या वर पडतो. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या १२ महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर नोंदला गेला, तो विक्रम अजून मोडलेला नाही. आपल्या कोकणात तीन-साडेतीन हजार पडतो, त्यावरून कल्पना करा. अशा पावसात बांबूचा पूल दोनतीन वर्षांत कुजतो आणि लोखंडाला बघताबघता गंज चढतो. गावं दरीत, बागा पलीकडच्या उतारावर, आणि सुपारी, विड्याची पानं, संत्री, तमालपत्र पाठीवर वाहून बाजाराला न्यायचं. पूल नसेल तर वर्षातले कित्येक महिने माल घरात सडणार. गरज इतकी साधी होती.

लेफ्टनंट हेन्री यूल यांनी १८४४ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या पुलांबद्दल लिहिलं आहे. ते पूल तेव्हाच वापरात होते. पहिलं झाड कोणी लावलं, कोणालाच माहीत नाही.

पऱ्याकाठची यांनी पारंबी ओवणाऱ्या जावयाचं लिहिलंय, ते अगदी खरं आहे. हे काम असं जाताजाताच होतं. त्याशिवाय गावची सभा असते, दोरबार श्नोंग. ती दिवस ठरवते आणि घरटी माणूस कामाला येतो. पूल कधी एका कुळाचा असतो, कधी गावाचा, पण तो कोणाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. जयंतिया बाजूला पाडू, नोंगबारेह या गावांकडेही चांगले पूल आहेत, तिथे पर्यटक फारसे पोचत नाहीत. रांगथिल्लियांगचा पूल ५० मीटरहून लांब आहे. तिथल्याच मॉर्निंगस्टार खोंगथॉ यांनी गावोगाव फिरून जुने पूल सावरायची आणि नवे सुरू करायची चळवळ उभी केली आहे.

अवांतर: खासी बायका शेतात पाठीवर कनूप घेतात. बांबूचा सांगाडा, वर पानं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत, दोन्ही हात मोकळे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने "इरलं!" निघालं. हजाराहून जास्त मैलांवर, भाषा वेगळी, वंश वेगळा, आणि भातलावणीच्या पावसाला शोधलेलं उत्तर तेच.

निरगुडी

इरलं! माझ्या सासूबाई अजून सांगतात, प्लास्टिकच्या खोळीत घाम येतो, इरल्याखाली वारा खेळायचा.

रानहळद

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. धागा आवडला, म्हणूनच एक सावधगिरीची गोष्ट सांगते.

रबराचं झाड पूर्व हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत, पुढे मलाया-सुमात्रापर्यंतचं. ते आपल्या सह्याद्रीचं नाही. कृपा करून कोणी उत्साहाने रोपवाटिकेतून आणून पऱ्याकाठी लावू नका. आपल्याकडे त्याचे सगेसोयरे भरपूर आहेत. वड तर आहेच, पण मी पहिली पसंती नांद्रुकाला देईन. तो ओढ्याकाठी, कातळाच्या फटीत आनंदाने वाढतो, पारंब्या बारीक आणि दाट सुटतात, जुन्या झाडांवर त्या एकमेकींत मिसळून गेलेल्या दिसतात. वड आणि नांद्रूक दोन्ही जाड फाट्यापासून लागतात. मनगटाएवढा, पुरुषभर उंचीचा फाटा पावसाच्या तोंडावर खड्ड्यात पुरला तर बहुधा जगतो.

अडचण पावसाच्या आकड्याची कमी आणि कोरड्या महिन्यांची जास्त आहे. वारच्या दऱ्यांत हिवाळ्यातही झरे वाहतात, धुकं असतं, हवा दमट. पारंबीचं टोक ओलं राहतं. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे पारंबीचं टोक वाळतं, वाढ थांबते. पोफळीच्या पन्हळीत माती, पालापाचोळा, काथ्या भरून ती ओली ठेवली तर मूळ आतल्या आत पुढे सरकेल. म्हणजे उन्हाळ्यात कोणीतरी रोज पाणी घालायला हवं. त्या माणसाशिवाय हा प्रयोग होणार नाही, आणि तो माणूस दहा वर्षं तोच राहणार नाही.

देवराईचं इथे कोणी लिहिलं नाही याचं नवल वाटलं. खासींचं ल किंतांग म्हणजे देवराईच. शिलाँगजवळच्या मॉफ्लांगच्या राईतून काडीही बाहेर न्यायची नाही. आपल्या देवरहाटीतही हाच दंडक होता. ज्या लोकांनी ओढ्याच्या उगमावरचं रान राखलं, त्यांच्याच ओढ्यावर पूल टिकला. वरचं रान गेलं की पाणी धोंडे घेऊन उतरतं, मग मुळं काय नि लोखंड काय.

जुनाजाणता

आमच्या वाडवडिलांना जिवंत लाकडाची जाण होती. पांगाऱ्याचा फाटा पुरायचा, तो फुटायचा, त्यावर मिरीचा वेल चढायचा. कुंपणाला निरगुडी आणि शेर. मेलेला खांब वाळवी खाते, जिता खांब वाळवीला दाद देत नाही, असं वडील म्हणायचे. पांगाऱ्याच्या अशा कुंपणाला पन्नास वर्षं झालेली मी पाहिली आहेत. परवा नातवाने त्या जागी सिमेंटचे खांब आणि तार लावली. मी काही बोललो नाही, पण जीव चुटपुटला.

श्टुटगार्टहून

जर्मनीतलं नागोल्ड गाव आमच्यापासून तासाभरावर आहे. वर तुळईखांब यांनी उल्लेख केलेल्या लुडविग यांनीच तिथे २०१२ मध्ये झाडांची एक इमारत उभी केली. चिनाराच्या जातीची झाडं पोलादी सांगाड्यावर मजल्यामजल्याने कुंड्यांत लावली आणि वरच्या झाडाचा बुंधा खालच्या झाडाच्या शेंड्याशी जोडून एकजीव होऊ दिला. तळाची मुळं जमिनीत स्थिरावली की वरच्या कुंड्या काढायच्या आणि पुढे बुंधे भार पेलतील तसा पोलादाचा आधार कमी करायचा, अशी कल्पना.

मी दर वसंतात जातो. सांधे आता ओळखू येत नाहीत. आत उभं राहिलं की चहूबाजूंनी पानं. तिथल्या पोलादाने मला एक गोष्ट शिकवली, ती पऱ्याकाठची ताईंच्या उपयोगाची आहे. आधार आजचा आणि झाड उद्याचं, दोन्ही एकाच जागी उभं करता येतं.

वाटसरू४२

माझं मत वेगळं आहे आणि मनापासून मांडतो. डोंगरातल्या गावांना आपण निसर्गाच्या जवळचे म्हणून कौतुक करतो आणि तेच कौतुक पुढे त्यांना रस्ता, दवाखाना न देण्याचं निमित्त होतं. माझी मावशी नदीपलीकडच्या वाडीतून डोलीतून दवाखान्यात नेताना वाटेत गेली. पक्का पूल हा आपला हक्क आहे. पारंब्यांच्या नादात तो हक्क मागायचा सोडू नका.

उमियमकाठी

वाटसरू, तुमचं दुःख कळतं, आणि म्हणणं पटतं. नोंगरिआटच्या वाटेवरही ओढ्यावर तारेचे झुलते पूल आहेत, तिथले लोक ते वापरतात. त्यांनाही दवाखाना हवाच आहे. मी राहत असताना एका गावात नवा तारेचा पूल झाला आणि शेजारच्या मुळांच्या पुलावरून येणंजाणं थांबलं. चारपाच वर्षांत त्यावर झुडपं माजली, कठड्याची मुळं सुटी लोंबू लागली. कोणी तो तोडला नव्हता. जाताजाता पारंबी ओवणारा हात तिथून जायचा बंद झाला, इतकंच.

पर्यटकांचंही सांगायला हवं. २०२२ मध्ये हे पूल युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत आले. ७० हून जास्त गावांत मिळून शंभराच्या आसपास पूल आहेत. नाव झालं तशी गर्दी वाढली. एका वेळी फार माणसं चढतात, फोटोसाठी झुलवतात, कोवळी मुळं बुटांखाली चिरडतात. घरांतून राहायची सोय झाली, मुलांना गावातच काम मिळालं, हेही खरं. जाणार असाल तर गावातला वाटाड्या घ्या, पुलावर थांबू नका, आणि लोंबणाऱ्या मुळाला हात लावू नका. ते कोणीतरी कुठेतरी न्यायला ठेवलेलं असतं.

तुळईखांब

दोन दिवस या धाग्याचाच विचार करतोय. माझं आधीचं "शंका आहे" अर्धवट होतं, ते सुधारतो.

पक्का साकव मागाच, आणि मिळाला की त्याचा काठ झाडांना धरू द्या. दोन्ही काठांवर, साकवाच्या वरच्या अंगाला, पायापासून दहाबारा फूट सोडून नांद्रूक. अगदी पायाशी लावलात तर मुळं सिमेंटच्या भेगेत शिरून तो फोडतील. काठाला करंज, जांभूळ, वाळुंज. पन्हळी साकवाच्या बाजूने समांतर टाका, त्याच्या कठड्याला बांधू नका. माझ्या हिशेबाने लोखंडी साकवाचं आयुष्य संपायच्या सुमारास मुळं पलीकडे रुजून जाड झालेली असतील. नसली झाली, तरी काठ खचणार नाही, आणि तेवढ्यानेच साकवाची वर्षं वाढतील.

मोजमापं पाठवलीत तर जागा ठरवायला मदत करीन. पुराची सर्वांत वरची रेषा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कागदावर ती सापडणार नाही.

पऱ्याकाठची

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वाटसरू, तुमचा प्रतिसाद रविवारी वाडीच्या बैठकीत वाचून दाखवला. पक्क्या साकवाचा अर्ज नव्याने लिहिला, ५३ सह्या झाल्या.

नांद्रुकाचं काढलं तेव्हा आधी कोणी बोललं नाही. मग आमचे ८१ वर्षांचे आबाकाका उठले आणि सगळ्यांना घेऊन पऱ्यावर गेले. आपल्या काठावरच्या एका कातळावर हात ठेवून म्हणाले, "पाणी इथवर आलं होतं, मी शाळेत होतो तेव्हा." माझ्या खांद्याच्या वर होतं ते. मी जिथे झाड लावणार होते तिथून जवळजवळ सात फूट वर. खडू आणून खूण केली, उद्या छिन्नीने कोरणार आहोत.

खालच्या दोन घरांनी उन्हाळ्यात पाणी घालायचं कबूल केलं आहे. त्यांतल्या एका घरी सातवीतली मुलगी आहे, वळसा घालून शाळेत जाते तीच. पन्हळ कशी चिरतात ते बघायला ती आबाकाकांकडे आजच जाऊन आली.

रानहळद, फाटे मिरगाच्या आधी किती दिवस तोडायचे? आणि तोडल्या जागी चीक गळतो तो थांबू द्यायचा की लगेच पुरायचं?

रानहळद

तोडून तीनचार दिवस सावलीत आडवे ठेवा, चीक वाळू दे, मग पुरा. पानं सगळी काढा, टोकाला शेणमातीचा लेप द्या. एकाच झाडाचे सगळे फाटे घेऊ नका.

जुनाजाणता

आमच्या देवळामागे जुना नांद्रूक आहे, पारंब्या जमिनीला टेकलेल्या. पाचलच्या बाजाराला येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. देवाला नारळ ठेवून चार फाटे काढून ठेवतो.